संगीतासाठी स्वतःचा यूएसबी सेन्सर बोर्ड: पहिल्या वायरपासून पहिल्या सुरापर्यंत

संगणकावर आवाज घडवणाऱ्याला माउस लवकरच अपुरा पडतो. एका वेळी एकच गोष्ट हलवता येते, किती जोर लावला ते कळत नाही आणि डोळे सतत पडद्याला चिकटलेले राहतात. प्युअर डेटा, मॅक्स किंवा सुपरकोलायडर अशा आवाज घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच आवाज दहा अंगांनी वळवता येतो, पण वळवणारं बोट मात्र एकच. दाब, अंतर, उजेड, कल, टकटक हे सगळं मोजून संगणकात पोचवणारा छोटा बोर्ड हाताशी असला की ही अडचण सुटते. आणि असा बोर्ड घरच्या टेबलावर बांधता येतो.

पूर्वी हे काम एक तर महागड्या तयार उपकरणांवर व्हायचं, नाहीतर प्रयोगशाळेत. सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॅन ओव्हरहोल्ट यांनी पिक १८एफ४५५० या चिपवर संगीतासाठी एक खुला यूएसबी बोर्ड बांधला होता, तो या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा. २००५ साली इटलीत आर्दुइनो, म्हणजे सहज प्रोग्राम चढवता येणारे छोटे खुले बोर्ड, सुरू झालं आणि पुढे थेट यूएसबी बोलणाऱ्या चिप स्वस्त झाल्या, तेव्हा ही वाट सगळ्यांना खुली झाली. आज या कामातला सगळ्यात सोपा भाग म्हणजे बोर्ड. खरी मेहनत त्याच्या दोन बाजूंना आहे: सेन्सरकडून स्वच्छ, स्थिर आकडा मिळवणं आणि त्या आकड्याला संगीतात अर्थ देणं. म्हणून पुढे याच दोन गोष्टींवर जास्त वेळ घालवला आहे.

आधी हालचाल, मग सेन्सर

सेन्सरची यादी समोर ठेवून सुरुवात करू नका. आधी हात रिकामे ठेवून वाजवून बघा. एखादा सूर हळूहळू फुलवायचा असेल तर हात आपोआप काय करतो? दाबतो, वर उचलतो, की मनगट वळवतो? तुटक ठेका हवा असेल तर बोट कुठे आपटतं? जी हालचाल मनात न ठरवता होते, ती मोजायची. दाबायला दाब सेन्सर, फिरवायला पोटेन्शिओमीटर, म्हणजे नॉब, उचलायला अंतर मोजणारा सेन्सर, आपटायला ठोका बसला की व्होल्टेज देणारी पिझो चकती, कलवायला ॲक्सेलरोमीटर. पहिल्या बोर्डासाठी दोन किंवा तीन सेन्सर पुरे. सोळा सेन्सरचा बोर्ड बांधून त्यातले दोनच वाजवणारे पुष्कळ असतात.

बोर्डाची निवड

संगीतासाठी एकच अट महत्त्वाची: मुख्य चिपला स्वतःला यूएसबी यायला हवं. तसं असेल तर बोर्ड संगणकाला थेट मिडी उपकरण म्हणून दिसतो (मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांची सामाईक भाषा), वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि कोणतंही संगीत सॉफ्टवेअर त्याला ओळखतं. आर्दुइनो ऊनोच्या आर३ पर्यंतच्या आवृत्त्यांत यूएसबीचं काम दुसरी चिप करते, म्हणून तो या कामाला अडचणीचा. त्याच्याकडून आकडे सिरियल पोर्टवरून घ्यावे लागतात.

माझी पहिली पसंती एटीमेगा३२यू४ चिपच्या छोट्या प्रो मायक्रो बोर्डाला. ५ व्होल्ट, १६ मेगाहर्ट्झ आणि नऊ ॲनालॉग पिना. त्यातल्या चारांवर ए० ते ए३ असं छापलेलं असतं. बाकीच्या पाच, म्हणजे ४, ६, ८, ९ आणि १० या पिना, नुसत्या डिजिटल दिसतात, पण त्याही ॲनालॉग वाचतात. वाचन १० बिटचं, म्हणजे आकडा ० ते १०२३.

रास्पबेरी पाय पिको हा दुसरा चांगला पर्याय. वेग जास्त, स्मृती जास्त आणि वाचन १२ बिटचं, म्हणजे ० ते ४०९५. मात्र बाहेर काढलेल्या ॲनालॉग पिना तीनच, आणि त्या फक्त ३.३ व्होल्ट सोसतात. शिवाय त्याच्या आरपी२०४० चिपचं ॲनालॉग वाचन ठराविक चार आकड्यांपाशी अडखळतं. आवाजाच्या सावकाश सरकणाऱ्या फिल्टरवर ही अडखळ ऐकू येऊ शकते. बटणं आणि डिजिटल सेन्सर जास्त असतील तर पिको घ्या, ॲनालॉग सेन्सर जास्त असतील तर प्रो मायक्रो. टीन्सी हे बोर्ड या दोन्हींपेक्षा नेटके आहेत आणि त्यांच्यात मिडीची सोय आधीपासून असते, पण किंमत जास्त. पुढची उदाहरणं प्रो मायक्रो धरून दिली आहेत.

यूएसबी केबल आधी तपासा. मोबाइल चार्जरबरोबर आलेल्या कित्येक केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकाला काहीच दिसत नाही आणि माणूस उगाच बोर्डाला दोष देत बसतो.

पहिली जोडणी

ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता वायरी खोचायच्या पाटीवर, १० किलोओहमचा लिनिअर पोटेन्शिओमीटर घ्या. एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ग्राउंडला, मधली पिन ए० ला. आर्दुइनोच्या संपादकात बोर्ड म्हणून लिओनार्डो निवडा, कारण त्यात हीच चिप आहे. दर १० मिलिसेकंदांनी ए० वाचून आकडा सिरियल मॉनिटरवर छापणारा पाच ओळींचा प्रोग्राम चढवा. नॉब फिरवल्यावर आकडा ० पासून १०२३ पर्यंत सलग जायला हवा. मध्ये उडी मारली तर जोडणी सैल आहे. उलट दिशेनं गेला तर टोकांची अदलाबदल करा.

एवढं झालं की नॉब सोडून द्या आणि आकड्याकडे शांतपणे बघा. हात लावलेला नसतानाही तो एक-दोन अंकांनी थरथरतो. ही थरथर लक्षात ठेवा, पुढे तिचा बंदोबस्त करायचा आहे.

प्रोग्राम चुकला आणि संगणकाला बोर्ड दिसेनासा झाला तर घाबरू नका. रिसेट पिन ग्राउंडला पटकन दोनदा टेकवली की प्रो मायक्रो सुमारे ८ सेकंद नवा प्रोग्राम घ्यायला तयार राहतो. तेवढ्यात अपलोड सुरू करायचं.

व्होल्टेज डिव्हायडर

दाब सेन्सर, उजेडाचा एलडीआर, वाकण्याचा फ्लेक्स सेन्सर हे सगळे फक्त आपला रोध बदलतात. चिपला रोध वाचता येत नाही, व्होल्टेज वाचता येतं. म्हणून सेन्सरच्या जोडीला एक ठरलेला रेझिस्टर लावायचा. सेन्सरचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं ॲनालॉग पिनला, आणि त्याच पिनपासून ग्राउंडपर्यंत रेझिस्टर. सेन्सरचा रोध कमी झाला की पिनवरचं व्होल्टेज वाढतं.

रेझिस्टर किती ओहमचा घ्यायचा हे अंदाजानं ठरवू नका. मल्टिमीटरनं सेन्सरचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त रोध मोजा, तोही तुम्ही वाजवताना जेवढा दाब किंवा उजेड वापराल तेवढ्यातच. त्या दोन आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. समजा एलडीआर उजेडात १ किलोओहम आणि सावलीत १०० किलोओहम दाखवतो, तर वर्गमूळ १० किलोओहम. मग उजेडात आकडा ९३० च्या आसपास येतो आणि सावलीत ९३ च्या, म्हणजे ० ते १०२३ ची जवळजवळ सगळी पट्टी हाती लागते. तिथेच १ किलोओहम लावला तर सावलीकडचा सगळा बारकावा तळाच्या दहा-वीस आकड्यांत चिरडून जातो.

विकतच्या दाब सेन्सरला १० किलोओहम बहुधा जमतो. सेन्सर १०० किलोओहमवर असताना आकडा ९३, १० किलोओहमवर ५१२, २ किलोओहमवर साधारण ८५३. हलका स्पर्श ते मध्यम दाब एवढ्यात निम्मी पट्टी संपते आणि खरा जोर लावल्यावर आकडा हळूहळू सरकतो. आवाजाची तीव्रता वळवायची असेल तर हा वाक कामाचा आहे, कारण हलक्या बोटाला प्रतिसाद लगेच मिळतो. मनगटाचा जोर लावून वाजवणाऱ्यानं ३.३ किलोओहम लावून बघावा.

या जोडणीत एक आयती सोय आहे. चिप मोजमापासाठी स्वतःच्याच ५ व्होल्टचा आधार घेते आणि सेन्सरलाही तेच ५ व्होल्ट मिळतात. यूएसबीचं व्होल्टेज ४.८ झालं तरी दोन्हीकडे सारखंच उतरतं आणि आकडा बदलत नाही. स्वतःचं ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या सेन्सरना मात्र हा फायदा मिळत नाही.

आणखी दोन सवयी लावून घ्या. प्रत्येक ॲनालॉग पिनपासून ग्राउंडपर्यंत १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. १० किलोओहमबरोबर तो साधारण १ मिलिसेकंदात स्थिरावतो, म्हणजे बोटाला उशीर जाणवत नाही पण लांब वायरनं उचललेली खरखर बरीच गळून पडते. दुसरी सवय म्हणजे न वापरलेल्या पिना वाचायच्याच नाहीत. मोकळी पिन हवेतून काहीही उचलते आणि शेजारच्या सेन्सरचा आकडा तिच्यात झिरपलेला दिसतो.

दाब सेन्सर हातानं बनवणं

विकतचा सेन्सर गोल किंवा चौकोनी आणि लहान असतो. हवा तो आकार हवा असेल तर स्वतः बनवा. वेलोस्टॅट नावाची काळी, कार्बन मिसळलेली प्लास्टिकची पातळ शीट मिळते. दाबल्यावर तिचा रोध घटतो. पुठ्ठ्याचे सारख्या मापाचे दोन तुकडे कापा. प्रत्येकाच्या आतल्या बाजूला तांब्याची चिकटपट्टी लावा आणि तिचं टोक शेपटीसारखं बाहेर काढा. दोन्ही शेपट्या एकमेकींवर येणार नाहीत अशा वेगवेगळ्या कडांनी काढा. वेलोस्टॅटचा तुकडा तांब्यापेक्षा चारही बाजूंनी ३–४ मिलिमीटर मोठा कापा, नाहीतर कडेला तांब्याला तांबं टेकेल आणि आकडा कायम वर चिकटून राहील. मग तांबं, वेलोस्टॅट, तांबं असा थर लावून कडा साध्या चिकटपट्टीनं बंद करा. मधे गोंद अजिबात नको.

चिकटपट्टी घट्ट ओढली तर सेन्सर विश्रांतीतही दाबलेला राहतो. मल्टिमीटर लावून कडा बंद करा. हात काढल्यावर रोध वर उडाला पाहिजे आणि बोट ठेवताच खाली आला पाहिजे. असा सेन्सर दाब सोडल्यावर मूळ आकड्यावर यायला थोडा वेळ घेतो, तेव्हा नेमक्या मापासाठी तो नाही. पण आवाज फुलवायला तो झकास चालतो, आणि लांब पट्टीच्या रूपात केला तर पूर्ण तळहातानं वाजवता येतो.

विकतच्या दाब सेन्सरच्या शेपटीला थेट सोल्डर लावू नका, प्लास्टिक वितळून आतली पट्टी निसटते. तिला खटक्याचा कनेक्टर लावा.

अंतर, कल आणि ठोका

अंतरासाठी शार्पचा जीपी२वाय०ए२१ हा इन्फ्रारेड सेन्सर बराच वापरला जातो. तो १० ते ८० सेंटिमीटर मोजतो आणि साधारण ३८ मिलिसेकंदांनी एक नवं माप देतो, म्हणून वेगवान ठेक्याला निरुपयोगी, सावकाश लहरीला छान. हात १० सेंटिमीटरपेक्षा जवळ आला की त्याचं व्होल्टेज पुन्हा उतरतं आणि हात दूर गेल्यासारखा आकडा येतो. त्यामुळे पेटीत तो १० सेंटिमीटर आत बसवा, हात तिथवर पोचूच नये. त्याच्या वीजपुरवठ्यावर अगदी जवळ १० मायक्रोफॅरड किंवा जास्तीचा कपॅसिटर हवाच, कारण तो वीज झटक्याझटक्यानं ओढतो आणि ते झटके बाकीच्या सेन्सरच्या आकड्यांत उतरतात.

कल मोजायला एमपीयू-६०५० चालतो. तो दोन तारांच्या आयटूसी पद्धतीनं बोलतो, प्रो मायक्रोवर पिन २ आणि ३. ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणही मोजतो, त्यामुळे संथ हालचालीत तो कल सांगतो आणि झटक्यात झटका. हे दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये वेगळे करा: संथ गाळलेला आकडा म्हणजे कल, आणि मूळ आकड्यातून तो वजा केल्यावर उरतो तो झटका.

ठोक्यासाठी पिझो चकतीला तोड नाही. पण जोराच्या फटक्यात ती ५ व्होल्टपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज फेकते. म्हणून चकतीच्या दोन टोकांमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर लावा, पिनकडे जाणाऱ्या तारेत १० किलोओहम, आणि पिन व ग्राउंड यांच्यात जास्तीचं व्होल्टेज अडवणारा ५.१ व्होल्टचा झेनर डायोड. या पिनला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावायचा नाही, तो ठोका गिळून टाकतो.

ठोका ओळखायची रीत अशी. पिन सतत वाचत राहा. आकडा ठरावीक मर्यादा ओलांडून गेला की पुढचे २ मिलिसेकंद वाचत राहून सगळ्यात मोठा आकडा टिपा. एका वाचनाला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो, म्हणजे तेवढ्यात वीसेक वाचनं होतात. तोच आकडा म्हणजे ठोक्याचा जोर. मग ३० ते ५० मिलिसेकंद त्या पिनकडे दुर्लक्ष करा, नाहीतर चकतीच्या कंपनांमुळे एका ठोक्याचे तीन ठोके होतात. दुर्लक्षाचा काळ फार वाढवला तर जलद बोल हरवतात, तेव्हा तुमच्या हाताच्या वेगावर तो ठरवा.

आकडे शांत करणं

सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. कच्चा आकडा ५११ आणि ५१२ यांच्यात थरथरतो आहे असं समजा. मिडीसाठी त्याला ८ नं भागलं की एकदा ६३ येतो, एकदा ६४. बोर्ड सेकंदाला शेकडो वेळा ‘६३, ६४, ६३, ६४’ ओरडत राहतो आणि तुम्ही हातही लावलेला नसताना फिल्टर किरकिरतो.

यावर दोन उपाय आहेत आणि ते दोन्ही एकत्र लागतात. पहिला म्हणजे गुळगुळीत करणं. नवा आकडा थेट न घेता जुन्या आकड्याकडून नव्याकडे आठवा हिस्सा सरकायचं: गुळगुळीत आकडा बरोबर जुना अधिक फरकाचा आठवा भाग. दर मिलिसेकंदाला हे केलं तर बदल साधारण ८ मिलिसेकंदांत बऱ्यापैकी पोचतो. हिस्सा सोळावा घेतला तर आकडा जास्त शांत, पण हात जड वाटू लागतो. हा हिशेब पूर्णांकात केला तर फरक ८ पेक्षा कमी झाल्यावर भागाकार शून्य येतो आणि आकडा मुक्कामाच्या अलीकडेच अडकतो. म्हणून हिशेब अपूर्णांकात करा, किंवा आकडा १६ पट मोठा करून साठवा.

दुसरा उपाय म्हणजे ढिलाई ठेवणं. शेवटी पाठवलेला आकडा लक्षात ठेवायचा आणि नवा आकडा त्यापासून किमान ३ नं दूर गेल्याशिवाय काहीच पाठवायचं नाही. हात थांबला की बोर्ड गप्प बसतो. ढिलाईमुळे टोकाचे आकडे, म्हणजे ० आणि १०२३, कधीकधी गाठले जात नाहीत आणि आवाज पूर्ण बंदच होत नाही. त्यासाठी १० च्या खालचं सगळं शून्य समजा आणि १०१३ च्या वरचं सगळं पूर्ण समजा.

एखाद्या सेन्सरमध्ये अधूनमधून एकटाच भलता आकडा घुसत असेल तर गुळगुळीत करण्याआधी शेवटच्या तीन वाचनांतला मधला आकडा घ्या. एकटी उडी तिथेच गळते. पिझोला मात्र यातला कोणताही उपाय लावायचा नाही.

संगणकाकडे पाठवणं

आर्दुइनोसाठी मिडी-यूएसबी नावाची लायब्ररी आहे, ती चढवली की बोर्ड मिडी उपकरण म्हणून उभा राहतो. प्रत्येक संदेश चार आकड्यांचा. पहिल्या चॅनेलवर कंट्रोल बदलाचा संदेश असा: ११, १७६, कंट्रोलचा क्रमांक, किंमत. म्हणजे २० क्रमांकाच्या कंट्रोलवर ६४ पाठवायचे असतील तर ११, १७६, २०, ६४. पिझोच्या ठोक्यासाठी ९, १४४, सुराचा क्रमांक, जोर. संदेश रचून झाल्यावर फ्लशची आज्ञा द्यावी लागते, नाहीतर तो बोर्डातच पडून राहतो. सगळ्या सेन्सरचे संदेश रचून शेवटी एकदाच फ्लश करा.

कंट्रोलचे क्रमांक २० ते ३१ किंवा १०२ ते ११९ मधून निवडा, ते कुणालाही नेमून दिलेले नाहीत. ० आणि ३२ वाद्याची बँक बदलतात, आणि १२० पासून पुढचे क्रमांक सगळे सूर बंद करण्यासारख्या आज्ञांसाठी राखीव आहेत. त्यांना हात लावू नका.

मिडी १९८३ सालचं आहे आणि त्याची साधी किंमत ० ते १२७ एवढीच. आवाजाच्या पातळीला १२८ पायऱ्या चालतात. पण मींड घ्यायची असेल किंवा तीक्ष्ण फिल्टर सरकवायचा असेल तर पायऱ्या स्पष्ट ऐकू येतात. अशा वेळी १४ बिट वापरा. २० क्रमांकावर वरचा भाग आणि ५२ वर खालचा, म्हणजे दुसरा क्रमांक नेहमी ३२ नं जास्त. सेन्सरचा आकडा ७०० असेल तर १६ नं गुणून ११२००. त्याला १२८ नं भागलं की भागाकार ८७, बाकी ६४. आधी ८७ पाठवायचे, मग ६४. सॉफ्टवेअरमध्ये पहिला भाग आल्यावर तो फक्त जपून ठेवा आणि दुसरा आल्यावर ‘पहिला गुणिले १२८ अधिक दुसरा’ असं करून पुढे सोडा. दोन्ही भागांवर आवाज हलवला तर मधेच एक खोटी उडी ऐकू येते.

मूळ आकडाच १० बिटचा असताना १४ बिट कशाला, असं वाटेल. एकाऐवजी चार वाचनं घेऊन बेरीज करा, पट्टी ० ते ४०९२ होते आणि त्यात खरा बारकावाही थोडा वाढतो. त्याला १६ ऐवजी ४ नं गुणलं की झालं. नऊ सेन्सर असले तरी या बेरजेला ४ मिलिसेकंदांच्या आसपासच लागतात.

दर ५ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला २०० वेळा पाठवणं सलग हालचालीला भरपूर. पाच पिनांच्या जुन्या मिडी केबलवर एका संदेशाला जवळजवळ १ मिलिसेकंद लागतो, तशी अडचण यूएसबीत नाही. ठोक्याचा संदेश मात्र या फेरीची वाट न बघता लगेच पाठवून फ्लश करा.

पिना कमी पडल्या तर

सीडी४०५१ ही चिप एका ॲनालॉग पिनवर आळीपाळीनं आठ सेन्सर जोडते. पिन १६ ला ५ व्होल्ट आणि ६, ७ व ८ या तिन्ही ग्राउंडला. पिन ३ बोर्डाच्या ॲनालॉग पिनकडे, आणि ११, १०, ९ या निवडीच्या तारा तीन डिजिटल पिनांकडे. सेन्सर क्रमानं १३, १४, १५, १२, १, ५, २, ४ या पिनांवर येतात. क्रम असा वेडावाकडा असतो, तेव्हा कागदावर आकृती काढून मगच वायर लावा. सेन्सर बदलल्यावर पहिलं वाचन फेकून द्या आणि दुसरं घ्या. इथे १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर सेन्सरच्या बाजूला लावायचे, पिन ३ वर नाही. तिथे लावले तर मागच्या सेन्सरचं व्होल्टेज पुढच्याच्या वाट्याला येतं.

पक्कं बांधकाम

ब्रेडबोर्डवरची जोडणी रंगमंचावर नेऊ नका. छिद्रांच्या बोर्डावर सोल्डर करा, पण प्रो मायक्रो थेट न चिकटवता सॉकेटमध्ये बसवा, म्हणजे बिघडला तर बदलता येतो. याचं सगळ्यात नाजूक अंग म्हणजे मायक्रो यूएसबीचं तोंड. केबलला एकच हिसका बसला तरी ते तांब्याच्या पट्ट्यांसकट उखडून येतं. त्याच्या दोन्ही बाजूंना इपॉक्सी लावा, मात्र तोंडात जाऊ देऊ नका. केबल पेटीच्या भिंतीला टाय लावून आतून अडवा, म्हणजे ओढ पेटीवर येईल.

सेन्सर बोर्डापासून एक मीटरपेक्षा दूर असेल तर जाळीचं आवरण असलेली वायर वापरा आणि जाळी फक्त बोर्डाच्या टोकाला ग्राउंड करा. सेन्सर जोडायला हेडफोनसारखा जॅक सोयीचा वाटतो, पण तो आत घालताना आतले संपर्क क्षणभर एकमेकांना टेकतात आणि ५ व्होल्ट थेट ग्राउंडला लागू शकतात. त्यापेक्षा कुलूप लागणारा तीन पिनांचा कनेक्टर बरा.

आकड्याचा सूर करणं

सॉफ्टवेअरमध्ये आल्यावर सगळ्यात आधी प्रत्येक सेन्सर ० ते १ अशा पट्टीवर आणा. त्यासाठी वाजवण्याआधी सेन्सर पूर्ण सोडून आणि पूर्ण दाबून किमान व कमाल टिपणारं एक बटण पॅचमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या तुमच्या मांडणीत, ठेवा. हॉलमधला उजेड बदलला तर एलडीआरला हे दर वेळी लागतं. बोर्डातला प्रोग्राम मात्र शक्यतो बदलू नका. त्यानं फक्त मोजावं. तीव्रतेचा वाक, सुरांची पट्टी, मर्यादा हे सगळं पॅचमध्ये असलं की तालमीत दर मिनिटाला बदलून ऐकता येतं.

सुरासाठी पट्टी थेट हर्ट्झला लावू नका. कानाला सप्तकं गुणाकारानं ऐकू येतात. आधी ० ते १ चे मिडी सूर करा, समजा ४८ ते ८४, म्हणजे बरोबर तीन सप्तकं, आणि मग त्याचे हर्ट्झ करणारा ‘एमटूएफ’ हा ऑब्जेक्ट लावा. तीव्रतेला डेसिबलची पट्टी. प्रत्येक आकडा आवाजाला लावण्याआधी प्युअर डेटातल्या ‘लाइन’च्या टिल्डा असलेल्या रूपातून २० मिलिसेकंदांत सरकत जाऊ द्या, म्हणजे पायऱ्यांचा करकर आवाज जातो. तरीही हात आणि आवाज यांत अंतर वाटलं तर दोष बहुधा बोर्डाचा नसतो. ध्वनीचा बफर, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधी साठवला जाणारा तुकडा, तपासा: सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगाला २५६ नमुन्यांचा बफर ५.८ मिलिसेकंदांचा होतो, १०२४ चा २३ मिलिसेकंदांचा.

मग एक सेन्सर एका गोष्टीलाच जोडायची सवय मोडा. दाब वाढला की तीव्रता वाढते, हे पाच मिनिटांत कंटाळवाणं होतं. त्याच दाबानं फिल्टरही उघडू द्या, पण जरा उशिरा, पट्टीच्या मध्यापासून. शिवाय दाब किती आहे यापेक्षा तो किती झपाट्यानं बदलतो आहे हे मोजा: आत्ताच्या आकड्यातून ५० मिलिसेकंदांपूर्वीचा वजा करा. या फरकानं सुराच्या सुरुवातीची धार ठरवली की एकाच सेन्सरवर हळुवार स्पर्श आणि ठसका वेगळे वाजू लागतात. वाद्य हातात आल्याची पहिली खूण मला इथेच मिळते.

कार्यक्रमाच्या आधी संगणकाची यूएसबी पोर्टला वीज वाचवण्यासाठी झोपवणारी सोय बंद करा, आणि बोर्ड जोडल्यानंतरच सॉफ्टवेअर सुरू करा, कारण काही पॅच मधेच आलेलं मिडी उपकरण ओळखत नाहीत. चार्जर लावल्यावर गुणगुण ऐकू आली तर चार्जर काढून बघा. गेली तर ग्राउंडची फेरी पडते आहे, म्हणजे दोन वाटांनी जोडलेल्या ग्राउंडमधून खरखर फिरते आहे; मग बोर्ड आणि संगणक यांच्यात वीज वेगळी ठेवणारा यूएसबी आयसोलेटर लावा किंवा बॅटरीवर वाजवा. पेटीच्या झाकणाच्या आत वायरींचा नकाशा, रेझिस्टरचे आकडे आणि कंट्रोलचे क्रमांक लिहून चिकटवा, आणि सॉकेटमध्ये बसेल असा दुसरा प्रो मायक्रो तोच प्रोग्राम चढवून पेटीसोबत ठेवा.